कागद सांभाळा, वसुली सोपी होईल

आपल्या धंद्यात जबानीला मोठी किंमत आहे. भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, दलालाच्या एका शब्दावर ताके उतरतात आणि दोन-तीन महिन्यांच्या उधारीवर माल जातो. ही पत बापजाद्यांनी कमावलेली आहे. पण पार्टी फिरली किंवा दलाल वारला, की जबान कोणाला दाखवायची? तेव्हा कागदच लागतो.

आणि तो कागद असतो कुठे? चलाने खिळ्याला टोचलेली, बिले गादीखाली, बिल्टी मुनीमजींच्या पिशवीत! मुनीमजी गावी गेले की पेढी आंधळी.

उधार मालाच्या किमतीचा दावा १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांत करावा लागतो. त्या मुदतीत देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर तिथून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दर मार्चअखेर खातेउतारा पाठवून सही घ्यावी.

उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या कारखानदाराला व कारागिराला २००६ च्या कायद्याचा आधार आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. नंतर चक्रवाढ व्याज लागते. (नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा लाभ नाही.) पण माल पोचल्याच्या सहीचे चलान नसेल, तर हा दावाही लंगडा पडतो.

यासाठी महागडे कपाट नको. पार्टीवार एक फाईल करा. बिलामागे चलान आणि बिल्टी टाचा. पैसे आले की बिल ‘चुकते’ फाईलमध्ये टाका. वर्ष संपले की गठ्ठा बांधून वर साल लिहा. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. गुळगुळीत थर्मल कागदावरची अक्षरे उडतात, त्यांची झेरॉक्स काढा. गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, पावसाळ्यात ओल लागते.

काही बांधव म्हणतात, आपल्याच माणसाकडे सही मागणे म्हणजे शक घेणे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीची उधारी, लहान असो वा मोठी, लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. तेव्हा लिहिण्यात लाज कसली?

आठवड्यातून एक तास मालकाने स्वतः फाईल घेऊन बसावे, मुलालाही बसवावे. कोणाकडून किती येणे आणि कोणाचे किती देणे, हे उद्या वारसाला फाईल उघडताच कळले पाहिजे. सांगायला आपण असूच, असे नाही.