फोर-बाय-फोर ट्रॅक्टरचा पुढचा क्रॉस: दुकानात जाताना जुना सोबत न्या



आजचा मेसेज हवामानाचा नाही आणि फवारणीचाही नाही. चिखलणी तोंडावर आली आहे आणि गेल्या आठवड्यात अवजार बँकेत तिघांनी एकच प्रश्न विचारला: पुढच्या एक्सलचा क्रॉस गेलाय, कुठला टाकू? ज्यांच्याकडे फोर-बाय-फोर ट्रॅक्टर आहे त्यांनी सवडीने वाचा, बाकीच्यांनी सोडला तरी चालेल. मतं माझी आहेत, कंपनीची नाहीत.

आधी माझी चूक सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी माझा ट्रॅक्टर वळताना उजव्या पुढच्या चाकातून कट-कट वाजायला लागला. दुकानात जाऊन नुसतं मॉडेलचं नाव सांगितलं. दुकानदाराने डबी पुढे केली, ओरिजिनलपेक्षा निम्म्यात मिळतोय म्हणून घेतली. घरी बसवताना कप योकमध्ये अंगठ्याने ढकलला तर सरळ आत गेला. तिथेच थांबायला हवं होतं. मी काय केलं, वेल्डिंगवाल्याकडून दोन टाके मारून घेतले. पाचव्या दिवशी भर चिखलात बांधाशी वळताना क्रॉस तुटला. जाताना योकचा कान घेऊन गेला, सील फाडलं, हबचं ऑइल खाचरात. नवीन शाफ्ट यायला सहा दिवस लागले. माझ्यामागे चार जणांची चिखलणी थांबलेली, रोपं पंचविशी ओलांडून गेलेली. शेजारच्या तात्यांनी शेवटी बैलजोडी मागून आणली. मला एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता हा क्रॉस एवढा का सोसतो ते बघा. पुढचं चाक वळतं पण आणि ओढतं पण. इंजिनाची ताकद वाकड्या कोनातून चाकापर्यंत न्यायचं काम या चार पायांच्या तुकड्यावर असतं. प्रत्येक पायावर एक कप, कपात बारीक सुया. एकाच क्रॉसवर शाफ्ट ३० अंश वाकवला तर पुढचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा सुमारे १५ टक्के पळतो आणि दोनदा १३ टक्के मागे पडतो. हे हिसके मारले जावेत म्हणून बऱ्याच ट्रॅक्टरना चाकाजवळ दोन क्रॉसचा जोड-जॉइंट असतो. (काही कंपन्यांच्या ट्रॅक्टरला तिथे क्रॉस नसतोच, बेव्हल गिअर असतात. त्यांनी पुढचं वाचू नये.) त्यात फोर-बाय-फोरमध्ये पुढची चाकं मागच्यापेक्षा मुद्दाम थोडी जास्त फिरवलेली असतात, साधारण १ ते ५ टक्के. मातीत तो फरक घसरून निघून जातो. डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो ताण जातो टायरवर आणि क्रॉसवर. म्हणून रस्त्याला लागलात की लीव्हर काढा. आणि टायर बदलताना एकीकडे दुसऱ्याच मापाचं टाकलंत तर हे गणितच बिघडतं. मग क्रॉस कितीही भारी घ्या, टिकणार नाही.

खरेदीबद्दल माझं पहिलं म्हणणं: मॉडेलचं नाव सांगून क्रॉस मागू नका. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळ्या बनावटीचा एक्सल आलेला असू शकतो. एक्सलच्या बीमवर छोटी पट्टी असते, चिखल धुऊन तिच्यावरचा नंबर फोटोत घ्या. जुना क्रॉस डिझेलने पुसून सोबत न्या. दोन मापं जुळली पाहिजेत, कपाचा बाहेरचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन कपांची टोकापासून टोकापर्यंत लांबी. टेपने नाही, व्हर्नियरने. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही इथे चालत नाही. लॉक आतून बसतं की बाहेरून, तेही बघा. दुकानातच एक कप काढून सुया मोजा, चारही कपात सारख्या भरल्या पाहिजेत. पाय आरशासारखा गुळगुळीत हवा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. पक्कं बिल घ्या. बिल देत नाही म्हणाला तर डबीवर कुणाचंही नाव असो, परत ठेवा.

दुसरा वाद निपलचा. आपल्याकडे सगळे म्हणतात, ग्रीस निपलचा क्रॉस चांगला, कारण ग्रीस मारता येतं. मारता येतं हे खरं, मारतो कोण? मी गावातले सहा ट्रॅक्टर वाकून बघितले, चारांचं निपल चिखलाखाली गाडलेलं होतं. निपलच्या क्रॉसला ग्रीस जायला आतून भोक पाडलेलं असतं, तेवढं अंग कमी होतं. बंद क्रॉस आतून भरीव असतो आणि ग्रीस कारखान्यातच भरून येतं. माझं मत असं: ज्यांचं काम नांगरट, रोटाव्हेटर, ऊस भरून रानाबाहेर काढणं एवढंच आहे त्यांनी चांगल्या कंपनीचा बंद क्रॉस टाकावा. वरच्या वाड्यांना जे चिखलणी करतात, ज्यांचा एक्सल तासन्‌तास पाण्यात असतो, त्यांच्यासाठी निपलचा. पण रोज संध्याकाळी, धुतल्यावर, लिथियम ईपी-२ ग्रीस सीलमधून जुनं बाहेर येईपर्यंत मारायचं. ते होणार नसेल तर निपलचे जास्तीचे पैसे देऊ नका. बसवल्यावर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, निपल योकला घासता कामा नये आणि ग्रीसगन पोचली पाहिजे.

जोडातला एक गेला तर त्या बाजूचे दोन्ही बदला. दुसरा तेवढंच चाललेला असतो.

बसवण्याचं थोडक्यात. हातोड्याने ठोकू नका, एखादी सुई आडवी पडते आणि लॉक खाचेत बसत नाही. लॉक बसत नसेल तर ते ठोकून बसवू नका, कप काढून सुई शोधा. व्हाइसमध्ये दाबून बसवा. कप सैल जात असेल तर योक गेला, तो बदलायचा. वेल्डिंगचा टाका कधीच नाही, उष्णतेने कपाचा कडकपणा जातो. मी हे पैसे भरून शिकलोय.

काही जण क्रॉस गेला की मधला शाफ्टच काढून ठेवतात आणि टू-व्हीलवर चालवतात. सपाट रानात हंगाम काढायला हरकत नाही. पण उतारावर भरलेली ट्रॉली असताना पुढची चाकं जोडलेली असली तर ब्रेक पुढेही लागतो, शाफ्ट काढलात की फक्त मागच्या चाकांवर भार. खिंडीतून ऊस उतरवणाऱ्यांनी हे करू नये. मी एकदा केलं होतं, बायकोला अजून सांगितलेलं नाही.

तपासणी आजच करून टाका. इंजिन बंद, मागच्या चाकांना लाकूड, पुढचा एक्सल जॅकवर आणि खाली ठोकळा. शाफ्ट हाताने पिळून बघा, क्रॉसमध्ये हालचाल जाणवली किंवा कपाभोवती लालसर भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडल्या. हबचं ऑइलही बघा, दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, आधी सील.

व्हर्नियर अवजार बँकेच्या ऑफिसात टेबलाच्या डाव्या खणात आहे. गुरुवारी बाजाराला येताना जुना क्रॉस आणि पट्टीचा फोटो घेऊन या, दुपारी दोनपर्यंत मी तिथेच आहे. व्हर्नियर घरी नेऊ नका, मागचा अजून परत आलेला नाही.