आधी सुट्टीच्या दिवशी मीटर बघा

कारखान्याचं वीजबिल वाढलं की आपण पहिल्यांदा दिवे बंद करायला निघतो. शेडमध्ये पाट्या लागतात. बिल मात्र जागचं हलत नाही. लहान कारखान्यात वीज खातात त्या मुख्यतः मोटारी, भट्ट्या आणि कॉम्प्रेसर. म्हणून आधी मोजा.

लगेच यंत्रं विकत आणू नका. पहिलं यंत्र तुमच्या भिंतीवरच आहे. महावितरणचा मीटर. सुट्टीच्या दिवशी, भोसरीकडे असाल तर गुरुवारी, सकाळी आणि संध्याकाळी त्याचं रीडिंग वहीत लिहा. बिलावर एमएफ, म्हणजे मल्टिप्लाइंग फॅक्टर, छापलेला असेल तर फरकाला त्याने गुणायला विसरू नका, नाहीतर दोनशे युनिट तुम्हाला दोनच वाटतील.

शेड बंद होती ना? मग हे युनिट कोणी खाल्ले?

त्याच दिवशी, संध्याकाळचं रीडिंग घेऊन झाल्यावर, आणखी एक करा. सगळी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. हवा भरली की तो अनलोड होतो. गळती नसेल तर त्याला पुन्हा लोड घ्यायचं कारणच नाही. पण तो घेतोच. मोबाईलवर वेळ लावा. दोन मिनिटं लोड आणि आठ मिनिटं अनलोड असेल, तर कॉम्प्रेसरची 20 टक्के ताकद गळतीत जाते आहे.

सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक भोक साधारण तीन किलोवॅट वीज पितं. दिवसरात्र चाललं तर रोजचे 72 युनिट. तुमचा दर लावून बघा. मग फाटक्या होजला सुतळी बांधून वेळ मारून नेणाऱ्याला काय म्हणायचं ते ठरवा.

गळती शोधायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. मशिनं चालू असतानाच शोधायची असेल तर अल्ट्रासॉनिक लीक डिटेक्टर लागतो. हवेची जी शिट्टी आपल्या कानाला ऐकू येत नाही, ती त्याला येते. हे महागाचं यंत्र. एनर्जी ऑडिटर बोलावणार असाल तर त्यालाच घेऊन यायला सांगा.

आता अँपिअर मोजणारा टाँगटेस्टर. हा बहुतेक वायरमनकडे असतो. त्याच्या चिमट्यात एका वेळी एकच वायर धरायची. तिन्ही फेजची केबल एकदम धरली तर आकडा शून्याजवळ येतो. एका शेडमध्ये मी पाहिलं आहे. मोटार घरघरत होती, टाँगटेस्टर शून्य. बिघडला म्हणून नवा आणला. तोही शून्य!

नुसत्या अँपिअरवरही जाऊ नका. रिकामी फिरणारी मोटारसुद्धा बरेच अँपिअर दाखवते, कारण तेव्हा तिचा पॉवर फॅक्टर पडलेला असतो. किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर दाखवणारा मीटर मागा. एचटी (हाय टेन्शन) कनेक्शन असेल तर हे जास्तच बघा. एप्रिल 2020 पासून तुमचं बिल केव्हीएएचवर येतं, म्हणजे पॉवर फॅक्टर पडला की युनिटच वाढतात. मेलेला कपॅसिटर आता थेट बिलात दिसतो.

पॅनेल मात्र लायसन असलेल्या वायरमननेच उघडावं. अंगठी, कडं काढून. तुम्ही लांबून आकडे लिहून घ्या.

लांबून तापमान दाखवणारी गन सोपी वाटते, पण चकचकीत पत्र्यावर ती फसते. वाफेच्या पाइपावरचा अॅल्युमिनियमचा पत्रा गरम असूनही थंड दाखवेल. त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा, थोडं थांबा आणि टेपवर नेम धरा.

ऑडिटर बोलावलात तर त्याच्या यंत्रांचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागा. तारीख वाचा. संकोच नको, चांगला माणूस स्वतःच दाखवतो. आणि मोजणी भरल्या शिफ्टला करून घ्या. पाहुणे येणार म्हणून अर्धी मशिनं बंद ठेवलीत तर आकडेही पाहुण्यांपुरतेच येतील.

मोजून झालं की टाँगटेस्टरमधले सेल काढून ठेवा. कपाटात फुटले की पुढच्या वर्षी पुन्हा नवा घ्यावा लागतो.