बटण दाबण्याआधीचं वाक्य

दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ गेम तासन्‌तास पाहणाऱ्यांबद्दल दोन मतं सर्रास ऐकू येतात आणि दोन्ही मला चुकीची वाटतात. पहिलं मत टीकाकारांचं. जेवायचं दुसऱ्याने आणि आपण त्याच्या ताटाकडे बघत बसायचं, असला हा उद्योग आहे, असं ते म्हणतात. गेम हातांनी खेळायचा असतो, बघण्यात कसली आली गंमत. दुसरं मत खुद्द चाहत्यांचं आहे आणि ते जास्त नुकसान करतं, कारण त्याच्या भरवशावर व्हिडिओंचे ढीग तयार होतात. गेम हे फक्त निमित्त, लोक येतात ते त्या माणसासाठी, त्याच्या किंकाळ्या, कोट्या आणि शिव्यांसाठी, असं हे मत सांगतं. मला दोन्ही मान्य नाहीत. बोलत बोलत खेळलेला गेम पाहावासा वाटतो तो एका विशिष्ट वाक्यामुळे. पुढे काय होणार ते ठाऊक नसताना, बटण दाबण्याच्या आधी खेळणारा म्हणतो, ‘मला वाटतं हे असं होईल, कारण...’. हे वाक्य ज्या व्हिडिओत वारंवार येतं तो व्हिडिओ खेळणारा अडाणी असला तरी रंगतो. ज्यात ते येत नाही तो, खेळणारा कितीही पट्टीचा असला तरी, थोड्या वेळात कंटाळवाणा होतो.

समालोचन हा शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे रुळला आणि त्यानेच इथे थोडी दिशाभूल होते. बाळ ज. पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं वर्णन करत तेव्हा श्रोत्याला मैदान दिसत नसे. चेंडू कुठे पडला, फलंदाज पुढे आला की मागे सरला, क्षेत्ररक्षक कुठून धावला, हे सगळं शब्दांनी उभं करावं लागे. गेमच्या व्हिडिओत ती गरजच उरत नाही. ‘आता मी दार उघडतोय, आत एक पेटी दिसतेय’ हे वाक्य फुकट जातं, कारण दार आणि पेटी प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर आहेतच. पण इथे अशी एक सोय आहे जी क्रिकेटला कधीच मिळाली नाही. फलंदाजाच्या डोळ्यांना चेंडू जसा दिसतो तसा तो प्रेक्षकांतल्या कुणालाही दिसत नाही. गेममध्ये मात्र खेळणाऱ्याच्या पडद्यावर जे आहे तेच जसंच्या तसं आपल्या पडद्यावर असतं. दोघांना मिळणारी माहिती एकच. तिच्यावरून तो काय ताडतो आणि आपण काय ताडतो, एवढाच फरक राहतो. हे दोन अंदाज एकमेकांशी ताडून पाहण्यात या बघण्याचं सगळं सुख आहे आणि त्यासाठी खेळणाऱ्याचा अंदाज कानावर पडावा लागतो. क्रिकेटचा समालोचक दुसऱ्याच्या खेळाबद्दल, बहुधा चेंडू पडून गेल्यावर बोलतो. इथे बोलणारा आणि खेळणारा एकच, म्हणून त्याला आधी बोलता येतं. ही संधी जो घालवतो तो या माध्यमातली सगळ्यात मोलाची गोष्ट फेकून देतो.

खेळणारा निष्णात असला तरच बघण्यात अर्थ, असं मानणाऱ्यांनी जपानकडे पाहावं. तिथे २००३ मध्ये, म्हणजे यूट्यूब सुरू होण्याच्याही आधी, ‘गेम सेंटर सीएक्स’ हा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला. शिन्या अरिनो हा विनोदी कलाकार त्यात जुने, कठीण गेम एका बैठकीत संपवायला बसतो. त्याचा हात सामान्य आहे. एकाच खड्ड्यात तो कितीदा तरी पडतो, तास उलटतात, शेवटी कार्यक्रमाच्या चमूतला एखादा तरुण सहायक येऊन नकाशा काढून दाखवतो किंवा एखादा टप्पा स्वतः खेळून देतो. तरीही हा कार्यक्रम वर्षानुवर्षं टिकला. का टिकला, हे अरिनोच्या चुका बघितल्या की कळतं. तो प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने पडतो आणि ते कारण आपल्याला कळलेलं असतं. ‘मघाशी लवकर उडी मारली, आता त्या पक्ष्याला जाऊ देतो’ असा विचार दिसतो, मग पक्षी जातो आणि मागून दुसरा येतो. एखादा पट्टीचा खेळाडू तोच टप्पा गुपचूप, एकही जीव न गमावता पार करतो तेव्हा आपण वाहवा करतो, पण आपल्याला करण्यासारखं त्यात काहीच उरत नाही.

यावर एक तगडा आक्षेप येतो. स्पीडरन, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवण्याची शर्यत, लोक आवडीने पाहतात. तिथे खेळणाऱ्याने प्रत्येक हालचाल हजारदा घोटलेली असते, अंदाज वगैरे काही नसतो. मग तुमचं ते वाक्य कुठे गेलं? आक्षेप बरोबर ठिकाणी बोट ठेवतो, पण पुरावा उलट बाजूने पडतो. २०१० पासून चाललेल्या ‘गेम्स डन क्विक’ या धर्मादाय उपक्रमात खेळणाऱ्याच्या मागे सोफ्यावर दोन-तीन जाणकार बसतात आणि काय चाललंय ते सांगतात. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ मधला प्रसिद्ध जिना घ्या. शेवटच्या शत्रूकडे नेणारा हा जिना ७० तारे गोळा केल्याशिवाय संपतच नाही, कितीही चढलं तरी पायऱ्या येतच राहतात. स्पीडरनर मारिओला जिन्याकडे पाठ करून उभा करतो आणि बटण भराभर दाबतो. मारिओ उलट्या उड्या मारत बाणासारखा वर निघून जातो. नुसतं पाहिलं तर हा तांत्रिक बिघाड वाटतो, माणूस खांदे उडवतो आणि विसरतो. सोफ्यावरचा जाणकार मात्र सांगतो की लांब उडी मारली की मारिओचा वेग दीडपट होतो, पुढे जाताना त्या वेगाला मर्यादा घातलेली आहे, पण मागे जाणाऱ्या वेगाला मर्यादा घालायचं गेम बनवणाऱ्यांकडून राहून गेलं. प्रत्येक उलट्या उडीने वेग वाढत जातो आणि शेवटी मारिओ इतका झटक्यात सरकतो की त्याला अडवणारी जागा तो ओलांडून जातो. हे कळल्यावर तोच प्रसंग पुन्हा पाहिला की अंगावर काटा येतो. खेळणाऱ्याला त्या क्षणी विचार करायचा नव्हता हे खरं. तो विचार कधीतरी, कुणीतरी करून ठेवला होता. समालोचनाने तो पुन्हा जिवंत करून समोर मांडला. स्पीडरनच्या गर्दीला बोटांचा वेग आवडतो यात शंका नाही, पण त्या वेगाचा अर्थ तिला सोफ्यावरून मिळतो.

राहिलं दुसरं मत, माणूस म्हणजेच सगळं. भीतीच्या गेममध्ये किंचाळणारे चेहरे एका कोपऱ्यात दाखवायची पद्धत याच मतातून फोफावली. किंकाळी ऐकून हसू येतं, नाही असं नाही. पण किंकाळी ही घटनेनंतरची गोष्ट आहे आणि पहिल्या दहा मिनिटांत ती जुनी होते. म्हणून पुढची अधिक मोठी, त्यापुढची त्याहून मोठी अशी चढाओढ लागते आणि माणूस खोटा वाटू लागतो. किंकाळीच्या आधी ‘हे कपाट मघाशी बंद होतं, मी त्याच्याकडे जाणार नाही’ एवढं जरी तो पुटपुटला, तरी आपण त्या कपाटाकडे डोळे लावून बसतो आणि मग कपाटातून काही न येता पाठीमागच्या खिडकीतून आलं की आपणही दचकतो. व्यक्तिमत्त्व हवंच, कोरडा माणूस कुणालाच ऐकवत नाही. पण ते त्याच्या अंदाज बांधण्याच्या धाटणीतून दिसावं. कुणी संशयी असतो, कुणी उतावळा, कुणी प्रत्येक पात्रावर विश्वास टाकतो. ही ओळख कुठल्याही ठरवून केलेल्या विनोदापेक्षा खोल जाते आणि टिकते.

माझ्या म्हणण्याची सगळ्यात चांगली परीक्षा लुकास पोपच्या २०१८ मधल्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ या गेममध्ये होते. त्यात मारामारी नाही, हाताचं कसब जवळजवळ नाहीच. साल १८०७. बेपत्ता झालेलं एक व्यापारी जहाज परत आलंय आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या विमा निरीक्षकाने ६० माणसांचं काय झालं ते शोधायचं आहे. हातात एक घड्याळ असतं; प्रेताजवळ ते उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण काळ्या-पांढऱ्या चित्रासारखा गोठून उभा राहतो आणि त्यात हिंडून बघता येतं. कोण कोण होतं, कसं मेलं, हे वहीत भरायचं. गेम उत्तर लगेच तपासत नाही; तीन नोंदी बरोबर झाल्या तरच त्या पक्क्या छापल्या जातात. आता एक दृश्य डोळ्यांसमोर आणा. खलाशी टांगलेल्या झोळ्यांत झोपलेत आणि प्रत्येक झोळीला एक बारीक आकडा लटकतोय. खेळणारी त्या दृश्यात शिरते, मधोमध पडलेलं प्रेत बघते, ‘याला कुणी मारलं असेल?’ म्हणत झोळ्यांवरून नजर फिरवून निघून जाते. आकडा पडद्यावर दिसून गेलाय. पाहणाऱ्यांपैकी ज्यांच्या तो लक्षात आला ते खुर्चीत सावरून बसतात. दोन तासांनी ती खलाशांची यादी चाळताना थबकते, ‘यादीत नावांपुढे क्रमांक का दिलेत?’ असं विचारते आणि मग तिचा आवाज एकदम खाली येतो, ‘थांबा. झोळ्या.’ पडद्यावर या वेळी काहीही घडत नाही, एक वही उघडी आहे, बस्स. पुढे ती परत जाते, आकड्यांवरून माणसं लावते आणि एका झोळीतून बाहेर आलेले बूट दिसल्यावर पुन्हा थांबते. हाच खेळ मुक्याने खेळला असता तर प्रेक्षकाला दिसलं असतं ते एवढंच की कुणीतरी वहीची पानं उलटतंय.

इथेच टीकाकारांच्या ताटाच्या उपमेचंही उत्तर मिळतं. दुसऱ्याने खाल्लेल्या घासाची चव आपल्याला मिळत नाही, पण दुसऱ्याला पडलेलं कोडं आपल्यालाही तितकंच पडतं. आणि ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याला तर वेगळाच आनंद मिळतो. २०१९ मधला ‘आउटर वाइल्ड्स’ एकदाच खेळता येतो असं त्याचे चाहते म्हणतात आणि ते खरं आहे. एक छोटी सूर्यमाला, २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट, आणि आपण पुन्हा त्याच शेकोटीपाशी जागे होतो. नवं हत्यार मिळत नाही, ताकद वाढत नाही. साठतं ते फक्त ज्ञान. ज्याला सगळं ठाऊक आहे तो थोड्या मिनिटांत शेवट गाठू शकतो, म्हणजेच त्याच्यासाठी गेम संपलेला असतो. म्हणून हे चाहते दुसऱ्यांना पहिल्यांदा खेळताना बघतात. कीर्तनाला बसलेल्याला आख्यान पाठ असतं, तरी बुवा प्रसंगापर्यंत कसे येतात हे ऐकायला तो बसतोच. तशी ही गोडी आहे. दोन जोडग्रहांपैकी एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतत असते. नवखा खेळाडू दुसऱ्या ग्रहाच्या गुहेत उतरतो, वाळू चढत येते, तो चिरडून मरतो आणि पुन्हा शेकोटीपाशी जागा होऊन म्हणतो, ‘इथे वाळू भरतेय म्हणजे तिकडची कमी होत असणार. मग तिकडे खाली काय उघडं पडत असेल?’ हे वाक्य ऐकण्यासाठी चाहता तासभर थांबलेला असतो. म्हणूनच थेट प्रक्षेपणात चॅटवरून उत्तरं सांगणारे मला खलनायक वाटतात. ते खेळणाऱ्याला मदत करत नाहीत, उरलेल्या सगळ्यांचं ते वाक्य चोरतात.

कुणी म्हणेल, बोलत खेळणं हे नाटकच आहे. कॅमेरा चालू असताना माणूस खरा विचार बोलतच नाही. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी गेल्या शतकात बुद्धिबळपटूंना चाल ठरवताना मोठ्याने विचार करायला लावून त्यांच्या डोक्यात काय चालतं ते अभ्यासलं. पुढे अँडर्स एरिकसन आणि हर्बर्ट सायमन यांनी या पद्धतीची चिकित्सा केली आणि एक उपयोगी भेद दाखवला: मनात चाललेलं तसंच बोलून दाखवलं तर विचाराची वाट सहसा बदलत नाही, पण ऐकणाऱ्याला समजावून सांगायला लागलं की ती बदलते. नाटकीपणा येतो तो या दुसऱ्या प्रकारात. चांगला समालोचक अर्धवट वाक्यं बोलतो, मध्येच थांबतो, ‘नाही, थांब, हे जुळत नाही’ म्हणून मागे फिरतो. संकलनात हीच अडखळणी कापून व्हिडिओ गुळगुळीत करण्याचा मोह अनेकांना होतो आणि तिथे खरं नुकसान होतं. पायपीट कापावी, त्याच खोलीतल्या चौथ्या फेरीला कात्री लावावी, अडखळणं ठेवावं.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण परतवू शकत नाही. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा २०१६ मधला गेम एका दांपत्याने आपल्या कर्करोगाने गेलेल्या लहान मुलाबद्दल बनवला. तो जेमतेम दोन तासांचा आहे आणि त्यात निवडीला फारसा वाव नाही. लोकांनी तो अख्खा खेळून, अनेकदा जवळजवळ काहीच न बोलता, यूट्यूबवर टाकला. पाहणारे भरपूर, विकत घेणारे थोडे, अशी खंत त्या निर्मात्यांनी उघड बोलून दाखवली. ज्या गेममध्ये प्रेक्षकाला वेगळा अंदाज बांधायला जागाच नाही, तिथे समालोचन कितीही मनापासून केलं तरी गेमची जागा घेतं, हे मान्य करायला हवं. असा गेम पूर्ण दाखवू नये, पहिला अर्धा तास दाखवून थांबावं. पण ‘ओब्रा डिन’सारख्या गेमला हा नियम लावणं अन्याय होईल. तिथे प्रेक्षक व्हिडिओ थांबवून स्वतःशी म्हणतो की हे कोडं आपल्याला आधी सुटलं असतं.

आणि बोलण्याची बाजू घेताना गप्प बसण्याबद्दल सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. ‘आउटर वाइल्ड्स’चा शेवट येतो तेव्हा सोडवायचं काही उरलेलं नसतं. अंधारात एक शेकोटी पेटते, वाटेत भेटलेले प्रवासी एकेक करून तिच्याभोवती येतात आणि प्रत्येक जण आपलं वाद्य वाजवायला लागतो. वीस-पंचवीस तास अखंड बोललेला माणूस इथे कंट्रोलर खाली ठेवतो आणि काहीच म्हणत नाही. पाहणाऱ्यालाही त्याने काही म्हणायला नको असतं, कारण इतक्या तासांत त्याचं मन कसं चालतं ते त्याला पाठ झालेलं असतं.