उजनी आमच्या जिल्ह्यात, पाणी मात्र चार-पाच दिवसांआड

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

प्रादेशिक समतोलावरची भाषणं आम्ही पुष्कळ ऐकली. सोलापूरच्या नळाला रोज पाणी कधी येणार, याची तारीख तेवढी कोणी सांगत नाही. निवेदनं देऊन झाली, रिकाम्या घागरींचे मोर्चे काढून झाले. म्हणून हे जाहीर पत्र.

हिशेब सरळ आहे. उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. त्याची एकूण साठवण ११७ टीएमसी. शहरासाठी आखलेली समांतर जलवाहिनी रोज १७ कोटी लिटरची, म्हणजे वर्षाला साधारण २.२ टीएमसी. धरणाच्या क्षमतेच्या हे दोन टक्केही भरत नाही. २०११च्या जनगणनेतल्या ९ लाख ५१ हजार लोकांना एवढं पाणी रोज देता येत नसेल, तर दोष पावसाचा नाही. पाणी शहराच्या वेशीपर्यंत आणून भागत नाही. टाक्या आणि गल्लीबोळातल्या वाहिन्याही लागतात. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या वीस शहरांत आमचं नाव आलं. मार्च २०२५ मध्ये ते अभियान संपलं. नऊ वर्षांत रोजचं पाणी आलं नाही.

पाणी येतं त्या दिवशी विडी वळणाऱ्या बाईचं सूप बाजूला पडतं. तिला मजुरी हजार विड्यांमागे मिळते. नळापाशी गेलेल्या वेळेचे पैसे तिला कोण देणार? चादरी-टॉवेलच्या कारखान्यातला कामगारही त्या दिवशी खाडा करतो. मोठ्या गिरण्या बंद पडल्यावर या शहराला नवा उद्योग हवा होता. रोज पाणी नसलेल्या शहरात तो कशाच्या भरवशावर येईल?

आणि मग मुलं पुण्याला जातात. २००१ ते २०११ या दशकात सोलापूरची लोकसंख्या ९ टक्क्यांनी वाढली, पुणे शहराची २३ टक्क्यांनी, पिंपरी-चिंचवडची तब्बल ७० टक्क्यांनी. तिथली गर्दी आवरेना, म्हणून मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला ११,४२० कोटी मंजूर झाले. पुणेकरांशी आमचं भांडण नाही. पण आमची पोरं पुण्यात आणि पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून आमच्या उजनीत, ही वाटणी समतोल कशी?

सोलापूर एकट्या सोलापूरकरांचं नाही. धाराशिवचा रुग्ण इथल्या सिव्हिलमध्ये येतो, अक्कलकोट-मंगळवेढ्याची मुलं इथे शिकायला राहतात. अशी मधली शहरं उभी राहिली, तरच खेड्यातल्या माणसाला घरापासून दोन तासांवर काम, शिक्षण, दवाखाना मिळतो. ती खचली, की आख्खा टापू महानगराच्या दारात जाऊन उभा राहतो. हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. तरीही प्रादेशिक समतोलासाठीच्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपू दिली गेली आणि मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. जाब विचारायला नगरसेवकही उरला नव्हता.

आता आश्वासन नको. अंतर्गत वाहिन्यांचा पूर्ण निधी द्या, प्रत्येक प्रभागाला रोज पाणी कोणत्या महिन्यापासून मिळेल ते लेखी जाहीर करा आणि तारीख चुकली तर जबाबदार कोण, त्याचं पदही त्याच कागदावर लिहा. उजनीच्या दोन टक्के पाण्यासाठी आम्ही यापुढे विनंती करणार नाही. तो आमचा हक्क आहे.

आपला,
एक सोलापूरकर