श्रमावरील कराचा भार कोणाच्या माथी?

कामगारावर मालकाचा होणारा एकूण खर्च आणि कामगाराच्या हाती प्रत्यक्ष पडणारे वेतन, या दोहोंतील अंतर म्हणजे श्रमावरील कर. प्राप्तिकर, विमा व निवृत्तिवेतनासाठी कामगाराची वर्गणी आणि त्याच कारणासाठी मालकाने भरावयाचा वाटा, या साऱ्यांचा त्यात समावेश होतो. ओईसीडीच्या सदस्य देशांत सरासरी वेतनाच्या अविवाहित कामगाराबाबत हे अंतर २०२४ मध्ये एकूण खर्चाच्या सुमारे ३५ टक्के होते. बेल्जियममध्ये ते ५२ टक्क्यांहून अधिक होते. कर वाढला की श्रम महागतो आणि श्रम महागला की नोकऱ्या घटतात, असा सरळ हिशेब नेहमी मांडला जातो. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. स्पेनमध्ये हे अंतर सुमारे ४० टक्के होते. तरीही २०२४ मध्ये तेथील बेरोजगारी ११ टक्क्यांच्या वर राहिली, तर बेल्जियममध्ये ती ६ टक्क्यांच्या आत होती.

म्हणूनच कर किती, यापेक्षा तो अखेर कोण सोसतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. चिलीने १९८१ मध्ये निवृत्तिवेतनाची व्यवस्था खासगी खात्यांकडे सोपवली आणि पुढील काही वर्षांत तेथील वेतनकर सुमारे ३० टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आला. अर्थशास्त्रज्ञ जोनाथन ग्रुबर यांच्या १९९७ च्या अभ्यासात असे आढळले, की कर घटल्याचा लाभ वाढीव वेतनाच्या रूपाने कामगारांना मिळाला. रोजगारात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. याचाच अर्थ, पूर्वीचा करही मुख्यतः कामगारच सोसत होता.

फ्रान्सची स्थिती वेगळी आहे. तेथे किमान वेतनाचा कायदा कडक असल्याने तळाच्या कामगाराचे वेतन खाली येऊ शकत नाही. मालकाला वर्गणीचा भार वेतनावर ढकलता येत नाही, तेव्हा तो नोकरीवरच पडतो आणि अल्पकुशल तरुण दाराबाहेर राहतो. हे ओळखून १९९३ पासून तेथील सरकारांनी किमान वेतनालगतच्या नोकऱ्यांवरील मालकांची वर्गणी टप्प्याटप्प्याने घटवली. या उपायालाही दुसरी बाजू आहे. वेतन वाढले की सवलत आटते, त्यामुळे वेतनवाढ देताना मालक हात आखडता घेतो.

जर्मनीत २००५ च्या प्रारंभी बेरोजगारांची संख्या ५० लाखांवर गेली होती. २००७ मध्ये तेथे मूल्यवर्धित कर १६ वरून १९ टक्के करण्यात आला आणि त्यातील काही उत्पन्नाच्या आधारे बेरोजगारी विम्याची वर्गणी ६.५ वरून ४.२ टक्क्यांवर आणण्यात आली. श्रमावरील भार उपभोगावर सरकवण्याचा हा प्रयत्न होता. पुढे बेरोजगारी घटली. परंतु त्याआधीच श्रमबाजारात झालेल्या सुधारणांचा वाटाही त्यात होता, हे विसरून चालणार नाही.

भारताने यातून कोणता बोध घ्यावा? आपल्याकडे भविष्य निर्वाह निधीत कामगार व मालक यांचा प्रत्येकी १२ टक्के वाटा असतो. हा सरकारी महसूल नव्हे, कामगाराच्या उतारवयाची तरतूद आहे. हा पैसा आपलाच आहे आणि वेळेवर मिळेल, अशी कामगाराची खात्री असेल, तर तो त्याला वेतनाचाच भाग मानतो आणि वर्गणी नोकरीच्या आड येत नाही. ती खात्री नसेल, तर दोघेही तिला दंड समजतात आणि नोंदीबाहेरचा रोजगार वाढतो.

केंद्राच्या ९९,४४६ कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ पासून दिलेल्या अतिरिक्त नोकरीमागे मालकाला दरमहा ३,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले आहे. सर्वसाधारण तिजोरीतून श्रमाचा खर्च हलका करण्याचा हा मार्ग आहे. परंतु साहाय्याची मुदत संपल्यावरही ती नोकरी टिकली, तरच हा खर्च सत्कारणी लागला असे म्हणता येईल. रोजगाराच्या नावाखाली कामगाराची म्हातारपणची पुंजी कापणे हा उपाय नव्हे. सवलत तळाच्या वेतनाला मिळावी आणि निधीच्या कारभारावर कामगाराचा विश्वास बसावा, या दोन गोष्टी साधल्या तरच नोकरी आणि सुरक्षा एकाच घरात नांदतील.