बार्सिलोनात उतरायचं कुठे?



बार्सिलोना म्हटलं की सगळे बार्सेलोनेता सुचवतात, समुद्र दारात म्हणून. पण तो जुना कोळीवाडा, खाणावळी बहुतेक मासळीच्याच. माझं मत सांत आंतोनी भागाला. तिथे स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्याने घ्या. १८८२ सालची मंडई जवळ, भाजी-फळं रोज ताजी (रविवारी मात्र तिथे जुन्या पुस्तकांचा बाजार!). पीठ, डाळी शेजारच्या रावालमध्ये भारतीय-पाकिस्तानी वाण्यांकडे मिळतात. मुक्काम मात्र रावालमध्ये नको, रात्री गोंगाट आणि पाकीटमार.

चौविहार करणाऱ्यांनी तर हॉटेलवर विसंबूच नये. रात्रीचं जेवण तिथे साडेआठ-नऊनंतर. जूनमध्ये सूर्य साडेनऊपर्यंत असतो, तेव्हा धावतपळत जमेल. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास मावळतो, मग घरच्या शेगडीवाचून उपासच.