एका मात्रेत सात स्वर घालून पाहा

मंडळी, आमच्या हॅरोत क्लासमध्ये शिकलेल्या ताना मुलं आता स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवतात आणि त्याच्याच साथीने रियाज करतात. तुमच्याकडेही असंच असेल. असं सॉफ्टवेअर निवडताना आपण पान सुबक दिसतं का, आवाज गोड आहे का, हे पाहतो. माझं म्हणणं, आधी एका मात्रेत सात स्वर घालून पाहा.

बऱ्याच प्रोग्रॅममध्ये मात्रेचे ४८० समान भाग, म्हणजे टिक, केलेले असतात. ४८० ला २, ३, ४, ५ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे दुगुन-तिगुन-चौगुन बिनघोर. सातने भागलं की ६८.५७… प्रोग्रॅमने दशांश छाटून प्रत्येक स्वराला ६८ टिक दिले आणि पुढचा स्वर आधीच्याला जोडत गेला, तर मात्रा ४७६ टिकांतच संपते. तीनतालाच्या १६ मात्रांत ६४ टिक गळतात, आठ आवर्तनांत ५१२. म्हणजे तान समेच्या एक मात्रा आधीच येऊन उभी! ६९ टिक दिले तर उलटी रड, पाऊण मात्रेहून जास्त उशीर.

दशांश ठेवूनही पूर्ण सुटका नाही, कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत १/७ नेमका मावत नाही. (झपतालाच्या मात्रेचा ०.१ सुद्धा नाही!) उपाय शाळेतलाच आहे: अंश आणि छेद वेगळे साठवा. लिलिपाँड हे मोफत सॉफ्टवेअर काळाचा हिशेब असाच ठेवतं. आणि भातखंडे (१८६०–१९३६) तरी दुसरं काय करत होते? स्वरांखाली अर्धचंद्र काढला, की आत तीन असोत वा सात, मिळून मात्रा एकच. बेरीज चुकायला जागाच नाही.

‘सात कोण वापरतं?’ म्हणून ही चाचणी वगळणं मला पटत नाही. आपली बिआड लय चार मात्रांत सातावरच उभी आहे. शिवाय मुलगी बरोबर समेवर आली आणि यंत्र आधीच पोचलेलं असलं, तर घरी ऐकायला गुरुजी नसतात. ती स्वतःलाच बेताल ठरवते.

तेव्हा तीनतालात प्रत्येक मात्रेला सात ‘सा’ लिहा, आठ आवर्तनं कॉपी करा, ठेका लावा आणि टाळी देत ऐका. नवव्या समेला दोन्ही एकत्र आले नाहीत, तर ती फाईल जोडून बनवणाऱ्यांना कळवा.